कोऱ्या कॅसेटची कालगणना

गाणी भरलेली कॅसेट कोणी जपून ठेवली तर त्यात नवल नाही. पण काहीच न भरलेली, वरचा सेलोफेनही न फाडलेली कॅसेट जमवणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांनी तिची प्रतवारीही पक्की केली आहे. सेलोफेन शाबूत असेल तर पहिली प्रत, उघडलेली पण न वापरलेली असेल तर दुसरी, भरून पुसलेली असेल तर अगदी शेवटची. टेपच्या जातींचीही उतरंड आहे: साधी लोह-ऑक्साइडची टेप तळाला, तिच्यावर क्रोम आणि तिच्या तोडीच्या टेप, सगळ्यांच्या वर मेटल. १९७९ साली आलेली, ओतीव धातूच्या चौकटीची टीडीके एमए-आर तर संग्राहकांना प्राणप्रिय. रिकामटेकड्यांची चैन, असं म्हणून हा विषय सोडून देता येईल. पण मला वाटतं, महाराष्ट्रातल्या विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांचा आवाज ज्याला अभ्यासायचा आहे, त्याला या मंडळींच्या ज्ञानावाचून गत्यंतर नाही. फक्त त्यांची उतरंड आपल्याला उलटी धरावी लागेल.

या ज्ञानाची गरज का, याचं कारण साधं आहे. फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट मांडली; आपल्याकडे ती घरोघर पोचली ती ऐंशीच्या दशकात. पीटर मॅन्युएल यांच्या १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकामुळे विकत मिळणाऱ्या कॅसेटच्या धंद्याचा अभ्यास तरी झाला. घरी भरलेल्या कॅसेटचा मात्र कुणी फारसा विचार केला नाही. पुण्यात येरवड्याच्या गाडीतळ, लक्ष्मीनगरसारख्या वस्त्यांत मराठवाड्यातून आणि त्याही पलीकडून आलेली कुटुंबं शेजारीशेजारी राहिली. अशा ठिकाणी साठ आणि नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भजनी मंडळ, भीमजयंतीचा गायनाचा कार्यक्रम, बारशातल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा, आखातात गेलेल्या मुलाला पाठवायचं बोलकं पत्र असं काय काय भरलं जाई. गावाकडची बोली शहरात येऊन कशी बदलली, याचा असा पुरावा दुसरा नाही. पण वर बॉलपेनने लिहिलेलं असतं ‘भजन’ किंवा ‘आई २’. तारीख नाही. आणि तारीख नसलेली बोली ऐकायला गोड असली तरी इतिहासाच्या कामाची नसते.

तारीख नसलेल्या वस्तूला तारीख देण्याची विद्या येरवड्याला नवी नाही. डेक्कन कॉलेज इथलंच. तिथले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेकाठच्या जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं आणि पुढे १९६८ पासून घोडनदीकाठचं इनामगाव खणलं गेलं, तेव्हा खापरांवर कुणी साल कोरून ठेवलं नव्हतं. माती कोणती, भाजणी कशी, तोटी कुठे लावली आहे, यावरून माळवा भांडी आधीची आणि जोर्वे भांडी नंतरची, असा क्रम लागला. कॅसेटचा साचा, खिडकीचा आकार, स्क्रू की चिकटवलेली जोडणी, लेबलावरची अक्षरं ही त्याच प्रकारची खूण आहे. टीडीकेची साधी ‘डी’ किंवा सोनीची ‘एचएफ’ दर काही वर्षांनी रूप बदलत गेली, आणि कोणतं रूप कोणत्या सालचं हे संग्राहकांना तोंडपाठ असतं.

आपल्याकडे तर याहून नेमका पुरावा आहे, आणि तो आपण कॅसेट घेतल्याबरोबर फाडून टाकला. आवेष्टित मालाच्या १९७७ च्या नियमांनी बंद पाकिटावर तयार केल्याचा किंवा भरल्याचा महिना, साल आणि किंमत छापणं सक्तीचं केलं. किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असेल तर माल बहुधा ऐंशीच्या दशकातला. ‘सर्व करांसहित’ असेल तर नव्वदच्या दशकातला. कंपनीचा पत्ता ‘मुंबई’ की इंग्रजीतलं ‘बॉम्बे’, हे १९९५ च्या अलीकडे-पलीकडे पाहायला मदत करतं. कॅसेट भरून देणाऱ्या दुकानाच्या शिक्क्यात पुण्याचा फोन सहा आकडी, सात आकडी की आठ आकडी, हेही पाहावं. पण वापरलेल्या कॅसेटवर वेष्टन राहत नाही, नुसता साचा राहतो. साचा आणि छापील तारीख एकत्र सापडतात त्या फक्त न उघडलेल्या कॅसेटवर. म्हणून न उघडलेली कॅसेट मोलाची: ती तुलनेचा नमुना आहे, बाकीच्या हजारो उघड्या कॅसेट तिच्याशी ताडून पाहता येतात.

यावर कोणी म्हणेल की कॅसेट दुकानात वर्षभर पडून असते, घरात दहा वर्षं पुसून पुसून वापरली जाते, साचा फुटला की टेप दुसऱ्यात घालतात. मग साचा काय सांगणार? बरोबर आहे. कॅसेट कधी भरली हे साचा सांगत नाही. टेप दुसऱ्या साच्यातून आलेली नसेल तर ती कधीच्या आधी भरलेली असू शकत नाही, एवढंच सांगतो. खापरही उंदराच्या बिळातून खालच्या थरात जातं, म्हणून कुणी खापरं फेकून देत नाही. एकाच घरातल्या वीस कॅसेट एकत्र पाहिल्या तर एखादी लबाड उघडी पडतेच. मागच्या कडेवरचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे मोडलेले असले की ‘हे पुसायचं नाही’ असं घरातल्या कुणीतरी ठरवलं होतं हेही कळतं, आणि अशा कॅसेटवर भरवसा अधिक ठेवता येतो.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: एकदा संगणकावर उतरवून घेतलं की साचा कशाला हवा? साच्याशिवाय उतरवणंच चुकू शकतं, म्हणून. साधी टेप स्वरांचा समतोल साधणाऱ्या १२० मायक्रोसेकंदांच्या मापावर वाजवायची असते, क्रोम आणि मेटल ७० वर. त्याच मागच्या कडेच्या खाचा पाहून चांगला डेक हे आपोआप ओळखतो. खाच नसलेल्या जुन्या साच्यात मात्र माणसालाच ओळखावं लागतं. साधी टेप ७० वर वाजवली तर वरचे स्वर दबतात, आवाज बोदा होतो. गाण्यात ते खपून जाईल. पण ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च यांतला फरक त्याच वरच्या पट्टीतल्या घर्षणात असतो, आणि अनेक बोलींची ओळख नेमकी तिथे पटते. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचा पहिला खंड १९६३ चा, कॅसेटच्या जन्मवर्षाचा. त्यानंतरच्या चार दशकांतली बोली ऐकायची तर हा च नीट ऐकू यायला हवा. टेपची जाडीही पाहावी लागते: साठ मिनिटांचीला सुमारे १८ मायक्रॉन, नव्वदला १२, एकशेवीसला जेमतेम ९. त्या शेवटच्या जातीला जोरात पुढे-मागे पळवलं तर ती ताणली जाते किंवा यंत्रात गुंडाळली जाते.

तेव्हा प्रतवारी करायचीच तर धातूच्या चौकटीची एमए-आर आपल्या यादीत खाली जाईल. ती इथल्या फार थोड्या घरांत आली. वर येईल ती सर्वांत स्वस्त, सर्वांत खपलेली साधी कॅसेट, आणि नेमकी तीच कुणी कोरी जपलेली नाही, कारण ती कधीही मिळत असे. सेलोफेन शाबूत म्हणजे आतली टेपही शाबूत, हा संग्राहकांचा समजही मला पटत नाही. पुण्याच्या पावसाळ्यांत बुरशी बंद डबीतही शिरते, टेप दाबून धरणारी नमद्याची चकती डिंक सुटून गळून पडते. एका रूपाच्या दोन मिळाल्या तर एक उघडून तपासावी. एकच असेल तर हात लावू नये. शोध घ्यायचा तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारापासून सुरुवात करायला हरकत नाही, आणि तिथे नावातलं एखादं अक्षर बदलून विकलेल्या नकली कॅसेट मिळाल्या तर त्याही घ्याव्यात. संग्राहक त्यांना हात लावत नाहीत. पण गरीब वस्त्यांमधलं पुष्कळसं भरणं अशाच कॅसेटवर झालं असणार, आणि त्यांच्या रूपांचा क्रम अजून कुणी लावलेला नाही.