डोक्याचा मार आणि अडखळणारी वाणी

अणशी घाट चढून जोयड्याकडे जाणारा रस्ता कुंभारवाड्याला पोचेपर्यंत बहुतांशी अरण्यातूनच जातो, आणि या मुलखात पोफळीवरून निसटणे, वादळात मोडलेली फांदी डोक्यावर येणे किंवा ओल्या वळणावर दुचाकी घसरणे या गोष्टी नवलाच्या नाहीत. अशा प्रसंगी पडलेला मनुष्य उठून बसला आणि त्याची जीभ अडखळू लागली, म्हणजे जमलेल्या मंडळींचा निवाडा ठरलेला असतो: ‘घेतली असणार!’ क्वचित तो खराही असतो. परंतु तोंडाला येणाऱ्या वासावरून मनुष्य प्यालेला आहे एवढेच सिद्ध होते, कवटीच्या आत रक्तस्राव झालेला नाही हे सिद्ध होत नाही. म्हणून मार लागल्यावर बोलणे बदलले, तर नशा उतरण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा, अन्यथा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

‘रक्त आले नाही, म्हणजे काही झाले नाही’ हाही समज असाच रूढ. कित्येक रुग्ण शुद्धीवर येतात, चार शब्द बोलतात, आणि आत साठणाऱ्या रक्ताचा दाब वाढताच काही तासांनी ढासळतात. वृद्धांत, विशेषतः रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांत, हा रक्तस्राव इतका मंद असू शकतो की बोलण्यातला घोटाळा दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतो आणि तोवर चौकटीला डोके आपटल्याचे घरात कोणाला आठवतही नाही.

वाणी गेली म्हणजे बुद्धी गेली, असे मानणाऱ्यांनी १८६१ सालचा पॅरिसमधील रुग्ण आठवावा: त्याला ‘तान’ या एका अक्षरसमूहापलीकडे जवळजवळ काही उच्चारता येत नसे, पण इतरांचे बोलणे समजत असे, त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका यांनी मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातील इजा दाखविली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार वर्णिला, ज्यात शब्द ओघाने येतात पण अर्थ हरवतो. खेड्यात यालाच वेड किंवा बाधा म्हणतात. देवाला कौल लावावयाचा तो खुशाल लावावा, मात्र रुग्णाची गाडी निघाल्यावर. आणि गिळण्याची खात्री नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, काढा, अंगारा काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत उतरते.

सर्वांत क्रूर गैरसमज ढोंगाचा. बायकोचे नाव सांगता न येणारा मनुष्य ठेच लागताच खणखणीत शिवी हासडतो, वीसपर्यंत आकडे म्हणतो, आरतीत बिनचूक सूर धरतो. मग घरच्यांना वाटते, हा मुद्दामच करतो आहे. वस्तुतः सवयीने मुखी बसलेले शब्द आणि मनात जुळवून बोलावयाचे शब्द यांचा कारभार मेंदूत सर्वस्वी एकाच ठिकाणाहून चालत नाही.

त्यात कर्नाटक-गोव्याच्या या सरहद्दीवर घरात कोकणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मराठी आणि तालुका कचेरीत कन्नड. इजेनंतर यांपैकी मातृभाषाच आधी परतते, असे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांचे मत. अधिक वापरातली आधी येते, असे फ्रेंच वैद्य पित्र यांनी १८९५ मध्ये मांडले. प्रत्यक्षात बहुतेकांच्या सर्व भाषा साधारण बरोबरीने सुधारतात, काहींत मात्र एखादीच पुढे धावते. तेव्हा हुबळीच्या डॉक्टरांनी कन्नडात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर रुग्ण घरी काय बोलत होता हे सोबतच्या माणसाने आवर्जून सांगावे. मोठ्याने ओरडण्याने काही साधत नाही, कारण कान बहुधा शाबूत असतात.

पंचनाम्याखेरीज डॉक्टर हात लावीत नाहीत, ही भीतीही निराधार आहे. जखमीवर आधी इलाज, कागद मागाहून, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९८९ चा आहे, आणि अपघातग्रस्ताला सद्हेतूने नेणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. वाढती गुंगी, वारंवार ओकारी, झटका, एका हातापायाची कमजोरी, नाककानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर विलंब नको. सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी बोलण्यातला दोष राहिल्यास वाणीतज्ज्ञाकडे जावेच. म्हैसूरला त्यासाठी १९६५ पासून अखिल भारतीय संस्था आहे. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो, पण सहा महिन्यांनी दार बंद होते हे खरे नाही. नेटाने सराव चालू ठेवणाऱ्यांचे बोलणे पुढेही वर्षानुवर्षे सुधारत गेलेले दिसते.