आइसलंडचा तरुण फुटबॉल संघ

युरोप खंडाच्या वायव्येस, उत्तर अटलांटिक महासागरांत आइसलंड नांवाचें एक बेट आहे. ज्वालामुखी, उष्ण पाण्याचे झरे आणि हिमनद्या यांसाठीं भूगोलाच्या पुस्तकांतून तें आपणांस ठाऊक असतें. २०११ सालीं या देशाची लोकसंख्या सुमारें ३ लक्ष १८ हजार होती. भर हिवाळ्यांत तेथें दिवसाचा उजेड चार-पांच तासच टिकतो, आणि बर्फ व वारा यांमुळें गवताचीं मैदानें कित्येक महिने निरुपयोगी होतात. अशा देशांतील एकवीस वर्षांखालील खेळाडूंच्या फुटबॉल संघाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. ती पराजयाची हकीकत आहे, आणि म्हणूनच ती आम्हांस सांगण्याजोगी वाटते.

२०१० सालीं युरोपीय स्पर्धेच्या पात्रता-फेरींत या संघानें जर्मनीच्या तरुण संघास ४ विरुद्ध १ गोलांनीं हरविलें. मागील, म्हणजे २००९ सालच्या स्पर्धेचें विजेतेपद जर्मनीकडेच होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या विजयाचें मोल कळेल. पुढें स्कॉटलंडला दोन्ही सामन्यांत २ विरुद्ध १ असें नमवून हा संघ २०११ सालीं डेन्मार्कमध्यें भरलेल्या मुख्य स्पर्धेस गेला. त्यास अशी संधि प्रथमच मिळाली होती.

परंतु तेथें पहिल्या सामन्यांत बेलारूसनें व दुसऱ्यांत स्वित्झर्लंडनें त्यांचा प्रत्येकीं दोन गोलांनीं पराभव केला. तिसऱ्या सामन्यांत मात्र त्यांनीं खुद्द यजमान डेन्मार्कला ३ विरुद्ध १ असें हरविलें. आतां बेलारूस, आइसलंड व डेन्मार्क या तिघांचे गुण सारखे झाले. तेव्हां नियमाप्रमाणें या तिघांच्या आपसांतील सामन्यांचे गोल मोजण्यांत आले. बेलारूसनें ३ गोल केले होते व त्यावर २ झाले होते. आइसलंडनें ३ केले होते व त्यावरही ३ झाले होते. बेलारूस पुढें गेला आणि आइसलंडचीं मुलें घरीं परतलीं. डेन्मार्कवर आणखी एक गोल झाला असता तर तींच पुढें गेलीं असतीं!

या मुलांचें पुढें काय झालें? २०१६ सालीं फ्रान्समध्यें युरोपीय अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. आइसलंडचा ज्येष्ठ संघ एवढ्या मोठ्या स्पर्धेस प्रथमच पात्र ठरला होता. पोर्तुगालविरुद्ध पहिला गोल बिर्किर ब्यार्नासननें केला. हंगेरीविरुद्ध गिल्फी सिगुर्डसननें केला. आणि नीस येथें इंग्लंडला २ विरुद्ध १ असें हरविणारा गोल कोल्बेन सिगथोरसननें केला. दोन वर्षांनीं रशियांत जागतिक स्पर्धेंतील आइसलंडचा पहिला गोल आल्फ्रेड फिनबोगासननें अर्जेंटिनावर केला. हे चौघेही डेन्मार्कहून पराभूत होऊन परतलेल्या त्या संघांतलेच होते.

हें घडलें कसें? चमत्कार वगैरे कांहीं नाहीं. तेथील हवा बदलणें कोणाच्याच हातीं नव्हतें. म्हणून लोकांनीं मैदानावर छप्पर घातलें. पूर्ण आकाराचें पहिलें आच्छादित मैदान २००० सालीं केफ्लाविकच्या परिसरांत तयार झालें. गिल्फी त्या वेळीं दहा-अकरा वर्षांचा होता. पुढें अशीं मैदानें इतर गांवींही झालीं, आणि फुटबॉल मंडळाच्या योजनेनें शाळांजवळ शंभराहून अधिक लहान मैदानें बांधण्यांत आलीं. दुसरी गोष्ट शिक्षकांची. सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकविण्यासही रीतसर शिक्षण घेतलेला मनुष्य नेमावा, त्याला वेतन द्यावें, असा तेथें प्रघात पडला. हीच सोय मुलींनाही होती. किंबहुना त्यांचा राष्ट्रीय संघ २००९ सालींच युरोपीय स्पर्धेस पोंचला होता, पुरुषांच्या सात वर्षें आधीं. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जो मूल खेळावयास येईल त्यास परत पाठवावयाचें नाहीं, असा तेथील मंडळांचा परिपाठ आहे. एवढ्या लहान देशांत मुलें वायां घालविणें परवडणारें नव्हतें.

खेळावांचून अन्य व्यवसाय असलेलीं माणसेंही या कार्यांत होतीं. २०१८ सालचे मुख्य मार्गदर्शक हेमिर हाल्ग्रिमसन हे व्यवसायानें दंतवैद्य. अर्जेंटिनाच्या मेस्सीची पेनल्टी अडविणारे गोलरक्षक हान्नेस हाल्डोरसन हे चित्रपट-दिग्दर्शक.

यश कायमचें टिकलें असें मात्र नव्हे. २०२० व २०२४ च्या युरोपीय स्पर्धांस ज्येष्ठ संघ पात्र ठरला नाहीं, आणि २०२१ सालीं तरुण संघ पुन्हां मुख्य स्पर्धेंत जाऊन तिन्ही सामने हरला. शेत एकदां पिकलें म्हणून पुढील वर्षीं नांगरणी टळत नाहीं.

विद्यार्थीमित्रांनो, एका गुणानें नंबर गेला, एका गोलानें सामना गेला, म्हणजे त्या दिवशीं सर्व संपल्यासारखें वाटतें. त्या चौघांनाही तसेंच वाटलें असेल. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, निकालाच्या दिवशीं मुलाकडे पाहतांना आपण त्याच्या डोक्यावर छप्पर कोणतें घातलें, त्याला शिक्षक कसा दिला, हेंही एकदां मनाशीं तपासून पाहावें.