खाणीतला वारा आणि समुद्रातला श्वास

समुद्र येथून फार दूर. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मंडळींपुढे पाणबुड्यांची हकीकत सांगणे म्हणजे मालवणात जाऊन तेंदूपत्त्यावर बोलणे, असे आमच्या एका स्नेह्यांनी ऐकवले. परंतु आमचे आयुष्य कोळसाखाणीच्या कामगारांत गेले, आणि समुद्राची वाट आम्हांला त्या खाणीतूनच सापडली.

फ्रान्समध्ये लवार नदीच्या वाळूखाली कोळसा होता. विहीर खणली की पाणी शिरे. त्रिजे नावाच्या इंजिनिअराने विहिरीत लोखंडी नळा उतरवून त्यात दाबाची हवा भरली; पाणी मागे हटले. वर्धा नदीकाठच्या कामगाराला या युक्तीचे मोल सांगायला नको! पण सात तास त्या हवेत राबून बाहेर आलेल्या दोघा मजुरांचे सांधे असह्य दुखू लागले. पुढे अमेरिकेत सेंट लुईसच्या पुलाचे पाये अशाच हवेत बांधताना दहाहून अधिक कामगार प्राणांस मुकले.

कारण साधे आहे. आपल्यावर हवेचा जेवढा भार आहे, तेवढाच आणखी भार समुद्राचे दर दहा मीटर पाणी घालते. वीस मीटरांवर तो तिप्पट होतो, आणि तेवढ्याच दाबाची हवा मिळाली तरच छाती फुलते. ती मागेल तेव्हा नेमक्या दाबाने देणारी कळ 1943 साली कूस्तो आणि गान्यां या जोडीने बनविली; आजचा स्कूबा तो हाच. मात्र दाबाखाली ओढलेल्या हवेतला नत्रवायू रक्तात विरघळतो. सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली, तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसे अंगात बुडबुडे उठतात. सांधे धरतात, कधी पायही लुळे पडतात.

यावर उपाय शोधणारे जॉन स्कॉट हाल्डेन हेही खाणीतलेच म्हणायचे. 1896 साली वेल्समध्ये टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन 57 माणसे गेली. त्यांतली बहुतेक धक्क्याने नव्हे, कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मेली, हे हाल्डेन यांनी दाखविले. त्याच गृहस्थांनी शेळ्याबोकडांवर प्रयोग करून 1908 साली पाणबुड्यांना टप्प्याटप्प्याने वर येण्याचे कोष्टक दिले.

आता मालवणकडे वळू. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे. हा दगड नव्हे. बारीक जीवांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म वनस्पती राहतात, त्यांना ऊन लागते. पाणी फार तापले की त्या निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. एका बेसावध लाथेने वर्षांची वाढ मोडते, म्हणून पाहुण्याने पाय आवरावेत. निवतीजवळ तर 2024 साली सेवानिवृत्त झालेली गुलदार ही युद्धनौका बुडवून तिच्यावर जलजीवांची वस्ती वाढवावी आणि लोकांनी ती पाहावी, अशी योजना राज्याने हाती घेतली आहे. नौका नेहमी अपघातानेच बुडते असे नाही, हे आम्हांला नवीनच होते.

आम्ही स्वतः पन्नाशी उलटल्यावर त्या किनाऱ्यावर एकदा उतरलो. ठिकाणाचे नाव घेत नाही. कान दडपले, नाक दाबून हवा ढकलली, तेव्हा मोकळे झाले. श्वास कधीही कोंडू नये, हा पहिला धडा. वर येताना कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाडते. वीस मिनिटे रंगीत मासे पाहिले. फार सुंदर!

वर आल्यावर मात्र आमची जुनी खोड जागी झाली. आम्हांला हाताला धरून नेणाऱ्या पोराला विचारले, "बाळा, दिवसातून किती वेळा उतरतोस?"

"गर्दीवर आहे काका. कधी आठ, कधी दहा."

एवढ्या उथळ पाण्यात नत्रवायूचे भय थोडे, हे खरे. पण कान आणि छाती दर फेरीला तोच ताण सोसतात. आणि खोल जहाजावर हीच पोरे नेली, तर एका बुडीचा उरलेला वायू दुसरीत भर घालील. शिवाय पावसाळ्यात बुड्या बंद म्हणजे रोजही बंद. त्या महिन्यांची तूट तो गर्दीच्या दिवसांत भरून काढणार.

आमच्या खाणीत माणूस खाली गेला की हजेरीपुस्तकात नोंद होते, वर आला की पुन्हा होते. तेथे आम्ही वही मागून पाहिली. पाहुण्यांची नावे, वये, सह्या सारे होते. त्या पोराच्या बुड्यांसाठी रकाना नव्हता.