टॉवर नाही, तिथे विमानं एकमेकांशी कशी बोलतात?

२८ जानेवारी २०२६. सकाळी ८ वाजून १८ मिनिटांनी एका लिअरजेट ४५ विमानाने बारामती विमानतळाशी रेडिओवरून पहिला संपर्क साधला. विमानात उपमुख्यमंत्री अजित पवार होते. वैमानिकांनी वारा आणि दृश्यमानता विचारली. वारा शांत आहे आणि दृश्यमानता साधारण ३००० मीटर आहे, असं उत्तर आलं. पहिल्या खेपेला धावपट्टी दिसली नाही, म्हणून विमान पुन्हा वर घेतलं गेलं. दुसऱ्या खेपेला आधी ‘अजून दिसत नाही’ आणि काही सेकंदांनी ‘दिसली’ असं वैमानिकांनी कळवलं. ८.४३ ला उतरण्याची परवानगी मिळाली. ती परवानगी वैमानिकाने रेडिओवर जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते, पण ते उत्तर आलंच नाही. ८.४४ ला धावपट्टीच्या तोंडाशी ज्वाळा दिसल्या. विमानातले पाचही जण गेले.

हा घटनाक्रम केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने जाहीर केला आहे. अपघाताचं कारण ठरवणं हे विमान अपघात तपास ब्युरोचं काम, त्यावर इथे अंदाज बांधायचा नाही. पण त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती आणि ती अनेकांना पहिल्यांदाच कळली. बारामती हा ‘अनियंत्रित’, म्हणजे टॉवरमध्ये बसून विमानांचं नियंत्रण करणारा पगारी नियंत्रक नसलेला विमानतळ आहे. अपघाताच्या वेळी तिथे विमानांना वाहतुकीची माहिती देत होते ते तिथल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे प्रशिक्षक आणि वैमानिक.

अनियंत्रित म्हणजे बेकायदा नव्हे. जगातले बहुसंख्य विमानतळ असेच आहेत. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५००० विमानतळ आहेत, त्यांतल्या जेमतेम ५०० ठिकाणी टॉवर आहे. दिवसातून चार विमानं उतरणार असतील, तर पगारी नियंत्रकांची फौज कोणालाच परवडत नाही. आपल्या कोकणातल्या चिपी विमानतळावर प्रवासी विमानं येतात, तिथे टॉवर आहे. बारामतीसारख्या प्रशिक्षणाच्या धावपट्ट्यांचं गणित वेगळं असतं. तिथली व्यवस्था समजायला कोकणातल्याच नांदगावचा तिठा डोळ्यांसमोर आणा. देवगडकडे वळणारा आणि महामार्गावरून सरळ जाणारा, दोघेही पोलिसाची वाट बघत थांबत नाहीत. कोण आधी, कोण मागून, हे ठरलेलं असतं. हात दाखवला, हॉर्न दिला की काम भागतं. फरक इतकाच की विमानाला ब्रेक मारून मध्येच उभं राहता येत नाही.

म्हणून इथे दोन गोष्टी ठरवून दिलेल्या असतात. पहिली, वाट. उतरणारं विमान धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घेतं, तिला सर्किट म्हणतात. धावपट्टीला समांतर जाणारी बाजू ‘डाउनविंड’, मग काटकोनात वळून ‘बेस’, आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत ‘फायनल’. वळणं सहसा डावीकडे, कारण मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो आणि त्याला त्या बाजूचं दिसतं. धावपट्टीचा आकडासुद्धा दिशाच सांगतो. ११ म्हणजे साधारण ११० अंशांकडे तोंड. तीच पट्टी उलट बाजूने वापरली की तिचं नाव २९.

दुसरी गोष्ट, बोलणं. परिसरातली सगळी विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे, कोणत्या धावपट्टीवर काय करणार आहे, एवढं प्रत्येकाने ठरावीक टप्प्यांवर सांगायचं. बेसवर वळताना सांगायचं, फायनलला सांगायचं, धावपट्टी सोडल्यावरही सांगायचं. कोणी विचारो न विचारो, बोलायचंच. अमेरिकेत काही ठिकाणी रात्री धावपट्टीचे दिवेही वैमानिकच लावतो. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर पाच सेकंदांत माइकचं बटण सात वेळा दाबलं की दिवे पूर्ण प्रकाशात उजळतात.

पण ही व्यवस्था ऐकण्यावर उभी आहे आणि या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की इतरांना नुसती शिट्टी किंवा खरखर ऐकू येते. बोलणं असं अर्धवट ऐकू आलं की काय होऊ शकतं, ते १९ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी इथे दिसलं. तिथे टॉवर नव्हता. दहा प्रवासी घेऊन एक छोटं विमान धावपट्टी १३ वर उतरत होतं. तिला छेदणाऱ्या धावपट्टी ४ वर एक ‘किंग एअर’ उड्डाणाच्या तयारीत उभं होतं, त्याच्यामागे एक छोटं ‘चेरोकी’. उतरणाऱ्या कॅप्टनने रेडिओवर विचारलं की धावपट्टी ४ वरचं विमान थांबणार आहे की उडणार आहे. उत्तर दिलं ते मागच्या चेरोकीच्या वैमानिकाने, की आपण थांबलो आहोत. नेमका त्याच क्षणी उतरणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये उंची सांगणारा यांत्रिक आवाज बोलला आणि उत्तराचा एक तुकडा त्याखाली गेला. कॅप्टनला वाटलं, किंग एअरच बोललं. त्यांनी आभारही मानले. किंग एअरमधून एकदाही उत्तर आलं नव्हतं, आणि त्याने उड्डाणासाठी धाव घेतली. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात, तिथे टक्कर झाली. दोन्ही विमानांतले सगळे १४ जण मृत्युमुखी पडले. प्रवासी विमानाचं दार टक्करीनंतर उघडलंच नाही.

बोलणं चोख असूनही घात होतो. १८ ऑगस्ट २०२२ ला कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिल इथे दोन्ही विमानं आपापली जागा रेडिओवर सांगत होती. एक सर्किटमधलं संथ सेस्ना १५२, दुसरं सरळ फायनलवर सुसाट येणारं दोन इंजिनांचं सेस्ना ३४०. मागचं पुढच्यावर आदळलं, तिघांचा जीव गेला. जिथे शिकाऊ विमानांच्या फेऱ्या चालतात, तिथे जेट उतरवायचं तर हाच वेगाचा फरक रोजचा असतो.

आणि तिसरी अडचण हवामानाची. टॉवर नाही, धुक्यातून खाली आणणारी आयएलएस यंत्रणा नाही, तिथे वैमानिकाला डोळ्यांवरच विसंबावं लागतं. डोळ्यांनी बघून उडण्याच्या नियमांत दृश्यमानता किमान ५ किलोमीटर लागते. ती जमिनीवरून नुसत्या नजरेने सांगायची की यंत्राने मोजायची, हा प्रश्न किरकोळ नाही.

बारामतीच्या अपघातानंतर हवाई दलाचं पथक तिथे पाठवण्यात आलं, नियंत्रण आणि हवामानाची माहिती देण्यासाठी. तातडीचा उपाय म्हणून ते ठीकच. पण महाराष्ट्रात धुळे, शिरपूर अशा प्रशिक्षणाच्या धावपट्ट्या आहेत आणि निवडणुकीच्या दिवसांत तर कोकणातही जिकडे तिकडे तात्पुरती हेलिपॅड उभी राहतात. ३ मे २०२४ ला महाडला प्रचारासाठी आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळलं, सुदैवाने जीव वाचले. सगळीकडे हवाई दल कसं पुरणार?

सगळीकडे टॉवर बांधायचीही गरज नाही. नॉर्वेतल्या अनेक छोट्या विमानतळांवर नियंत्रक नसतो, माहिती देणारा प्रशिक्षित अधिकारी असतो. तो हुकूम देत नाही, पण वारा, दृश्यमानता आणि धावपट्टीवर काय आहे ते नेमकं सांगतो. स्वीडनने २०१५ मध्ये एर्न्शोल्डस्विक विमानतळाचं नियंत्रण दूरच्या शहरातून कॅमेऱ्यांवर सुरू केलं. आपल्याकडे निदान एवढं तरी व्हावं: स्वयंचलित हवामान यंत्र, रेडिओवरच्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण, आणि उड्डाणं शिकवण्याच्या कामातून वेगळा काढलेला, माहिती देण्याचंच काम करणारा माणूस. तो बोलतो ती माहिती आहे की परवानगी, हे दोन्ही बाजूंना स्वच्छ ठाऊक असायला हवं. टॉवर नसलेल्या जागी उतरायचं की नाही, हा निर्णय शेवटी वैमानिकाचाच असतो.

तो निर्णय त्याला मोकळेपणाने घेता यावा, यात आपलाही वाटा आहे. मैदानात नेत्याची वाट बघत बसलेल्या लोकांना ‘हवामान खराब आहे, विमान पुण्याला वळवलं, सभा संध्याकाळी’ असं सांगितलं गेलं, तर कुरकुर न करता घरी जावं. आणि नेत्यांनी उड्डाणाआधीच वैमानिकाला सांगून ठेवावं की सभा रद्द झाली तरी चालेल.