न्युम्बानी म्हणजे घरी

नर्सिंग किंवा समाजकार्य शिकलेली आपल्या वस्तीतली एखादी मुलगी उद्या म्हणाली, ‘मी सहा महिने आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांच्या अनाथाश्रमात सेवा करायला जाते,’ तर घरात काय होईल? आई डोळ्यांना पदर लावील, बाप विमानाचे भाडे विचारील आणि आजी म्हणेल, ‘तिथं खाणार काय गं?’ तिघांचेही प्रश्न रास्त आहेत. पण आणखी एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारत नाही. तिथल्या लेकरांना तिचा उपयोग काय?

केनियाची राजधानी नैरोबी. तिथल्या कारेन भागात ‘न्युम्बानी’ हे बालगृह आहे. स्वाहिली भाषेत न्युम्बानी म्हणजे घरी. फादर अँजेलो डी’अगोस्टिनो हे अमेरिकन धर्मगुरू, जे स्वतः डॉक्टरही होते, आणि सिस्टर मेरी ओवेन्स यांनी १९९२ साली ते सुरू केले. एच.आय.व्ही.ची लागण झालेली, कोणी हात लावायला तयार नसलेली बाळे त्यांनी पोटाशी घेतली. औषध होते, पण एका रोग्याला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च. गरिबाच्या मुलाने मरायचे, एवढाच त्याचा अर्थ. २००१ साली आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे गरीब देशांसाठी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. पेटंटवाल्या कंपन्यांची भीड न बाळगता भारतातून स्वस्त औषधे मागवण्याचा निर्णय न्युम्बानीने त्याच वर्षी जाहीर केला.

मुले जगू लागली आणि शाळेचा प्रश्न उभा राहिला. जानेवारी २००३ पासून केनियात प्राथमिक शिक्षण मोफत झाले, पण न्युम्बानीच्या मुलांना सरकारी शाळा दार उघडेनात. प्रकरण कोर्टात गेले, तेव्हा जानेवारी २००४ मध्ये सरकारने प्रवेश देण्याचे मान्य केले. वर्गाच्या दाराशी अडवलेले मूल कसे दिसते, हे गोणपाटावर वेगळे बसून शिकलेल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. रोजचे जेवण म्हणजे उगाली, पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. तो हाताने तोडून पालेभाजीबरोबर खातात. त्या भाजीचे नाव सुकुमा विकी, म्हणजे ‘आठवडा ढकल’. पगार होईपर्यंत दिवस काढून देणारी भाजी! आपल्याकडे हेच काम झुणका करतो. चहा दुधाचा आणि गोड. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, पण ती सणासुदीची चैन. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात तिथे रेल्वे बांधली, तेव्हा सुमारे ३२ हजार हिंदी मजूर नेले होते. त्यांच्या मागोमाग दुकानदार गेले. त्यामुळे एक गंमत होते. हिंदी माणूस दिसला की ‘मुहिंडी’ म्हणून त्याला पैसेवाला दुकानदार समजतात. गिरणीत हाडे झिजवलेल्या बापाची लेक तिथे शेठाणी ठरायची!

घड्याळाने मात्र फसगत होते. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. स्वाहिलीत कोणी सकाळी दोनला बोलावले, तर आठला हजर राहायचे. जुलैत नैरोबीत स्वेटर लागतो. आफ्रिका म्हणजे नुसते ऊन, असे समजून जाणारा कुडकुडतो. जेवणाआधी प्रार्थना, रविवारी चर्च असते. आपल्या मुलीने शांत बसावे, विचारले तर मी बौद्ध आहे असे सरळ सांगावे. त्यात चोरी कसली?

हे सगळे दोन महिन्यांत अंगवळणी पडते. अवघड आहे ते पुढेच. बालगृहात पाऊल टाकताच अनोळखी पाहुणीच्या गळ्यात मुले पडतात. पाहुणी हरखते, फोटो काढते. पण आपल्या घरातले दोन वर्षांचे पोर नवा माणूस दिसला की आईच्या पदराआड लपते ना? ते लपणेच निरोगी. जे कोणाच्याही गळ्यात पडते, त्याला आपले असे माणूस नाही. आणि ही पाहुणी सहा महिन्यांनी जाणार, मग दुसरी येणार. दर वेळी त्या जिवाने किती वेळा तुटायचे?

दुसरी गोष्ट अशी की, केनियातल्या अनाथाश्रमांतील बहुसंख्य मुलांना आई, बाप किंवा जवळचे नातेवाईक असतात. त्यांना तिथे आणते ती गरिबी. आपल्याकडेही दोन वेळचे जेवण आणि शाळा मिळावी म्हणून पोरांना बालगृहात ठेवणाऱ्या आया आहेत. त्यांना कोणी निर्दयी म्हणू नये. पण परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून आश्रम निघू लागले, तर पोरे गोळा होणारच. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२ मध्ये दहा वर्षांची योजना आखली, मुलांना पुन्हा कुटुंबात नेण्याची.

न्युम्बानीने ही वाट आधीच धरली होती. १९९८ पासून ‘लेआ टोटो’ या कामातून नैरोबीच्या झोपडपट्ट्यांतील आजारी मुलांना त्यांच्या घरीच औषध आणि आधार मिळू लागला. पुढे कितुई या कोरडवाहू भागात एक गावच वसवले. एड्सने मधली पिढी नेली, म्हातारे आणि नातवंडे उरली. तिथे एकेका घरात एक आजी किंवा आजोबा आणि दहाएक मुले, काही तिची नातवंडे, काही दुसऱ्यांची. शेती, शाळा, दवाखाना तिथेच.

अशा ठिकाणी परक्या मुलीला काम आहे, पण ते मुलांना मांडीवर घेण्याचे नाही. औषधांच्या नोंदी ठेवायच्या, तिथल्या नर्सला हाताखाली मदत करायची, धुणीभांडी करायची, संध्याकाळी गणित शिकवायचे. मुलाचा आजार बाहेर बोलायचा नाही, फोटो पाठवायचा नाही. जाण्याआधी स्वाहिली शिकायची, बिनपगारी कामालाही परवाना लागतो तो संस्थेकडून आधी मागायचा, आणि पीतज्वराच्या लसीचे कार्ड जपून ठेवायचे. ते नसेल तर परत येताना विमानतळावरूनच सहा दिवस वेगळे ठेवतात, घरी सोडत नाहीत.