मत मांडण्याची ओढ

वर्ध्याजवळच्या शेगावात गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. पुढे त्यांची पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्या टपालात साध्या माणसांचे प्रश्न, सल्ले, आक्षेपही असत आणि ‘हरिजन’ साप्ताहिकातून गांधीजी त्यांतल्या काहींना जाहीर उत्तरं देत. ना मानधन, ना पद. मग ही माणसं लिहीत का होती? प्रसिद्धीसाठी, असं चटकन म्हटलं जातं. पण हार्वर्डच्या डायना तमीर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग वेगळं सांगतात. स्वतःचं मत सांगताना मेंदूतली बक्षिसाशी जोडलेली केंद्रं अधिक सक्रिय झाली आणि त्या संधीसाठी लोकांनी थोडे पैसेही सोडले. कोणी ऐकणार नसतानाही हे सुख होतं. ऐकणारा आहे म्हटल्यावर ते वाढलं.

हे अमेरिकी प्रयोगशाळेतलं, ते वर्ध्याला कसं लावायचं? आक्षेप रास्त आहे. शिवाय ओढ सगळ्यांना असेल, तर लिहितात मोजकेच का? माझ्या मते मेंदू इच्छा समजावतो, कृती नव्हे. कृतीला साक्षरता, परवडणारं साधन आणि उत्तराची शक्यता लागते. यातली तिसरी गोष्ट आपण फार कमी लेखतो. सेवाग्रामला लिहिणाऱ्याला उत्तराची खात्री नव्हती, पण इतरांना मिळालेली उत्तरं तो छापील पानावर वाचत होता.