स्टायलोचे मिटलेले फूल

स्टायलो हे उष्ण प्रदेशातील कुरणांत पेरले जाणारे द्विदल चारापीक. त्याचे पिवळे फूल तुरीच्या फुलाच्याच घडणीचे, पण जेमतेम वाटाण्याएवढे. खालच्या दोन पाकळ्यांच्या मिटलेल्या होडीत पुंकेसर आणि कुक्षी शेजारीशेजारी असतात. त्यामुळे बहुधा स्वपरागीभवनच होते. संकर करायचा तर कोवळ्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात. काम मोठे किचकट!

निसर्गाने ते केव्हाच उरकले आहे. ४० गुणसूत्रांची स्कॅब्रा ही जात व्हिस्कोसा आणि सीब्राना या प्रत्येकी २० गुणसूत्रांच्या जातींच्या संकरातून, गुणसूत्रे दुप्पट होऊन निपजली.

स्वपरागीभवनाने वाण शुद्ध राहतो, पण वैविध्य आटते; मग एखादा रोग सगळ्याच पिकाला गाठू शकतो. उत्तर ऑस्ट्रेलियात १९७०च्या दशकात करपा रोगाने टाउन्सव्हिल स्टायलो या जातीची कुरणे उद्ध्वस्त केली. पुढे तिथे हमाटा जातीचा, ४० गुणसूत्रांचा ‘व्हेरानो’ वाण पसरला.